माडाच्या आळ्यातलं पिवळं

आमच्याकडे घरात मूल जन्मलं की वाडीत एक माड लावायची पद्धत आहे. माझ्या जन्माचा माड विहिरीपाशी आहे. तो जरा वाकडा वाढला आणि आईच्या मते त्यात नवल काही नाही. काकूच्या मुलाचा माड गडग्याला लागून आहे. गडगा म्हणजे जांभ्याचे दगड नुसते एकावर एक रचून केलेली कुंपणाची भिंत. बाबा आणि काका वेगळे झाले तेव्हा वाडीच्या मधोमध हा गडगा घातला. सगळं समजुतीनं वाटलं गेलं, पण माडाला कोण समजावणार? तो उभा राहिला काकूच्या हद्दीत आणि वर जाऊन झुकला आमच्या हद्दीत. पडलेला नारळ आई इमानानं गडग्यावर ठेवायची. काकू तो उचलायची आणि दरवेळी विचारायची, "एवढाच पडला?"

काका गेल्यापासून काकू एकटी असते. तिचा मुलगा मुंबईला नोकरीला. आमच्याकडे आई आणि बाबा. मी रत्नागिरीत एका हायस्कुलात विज्ञान शिकवते, आणि रविवारी एसटीनं गावी येते. म्हणजे एरवी दोन घरांत मिळून तीन माणसं आणि मध्ये एक गडगा. भांडायला एवढं पुष्कळ होतं.

पण ती भांडणं गोडाची होती. काकूच्या घरी मासे आले की वाटीभर कालवण गडग्यावरून यायचं, आमच्याकडे फणस कापला की गरे तिकडे जायचे. गडग्यात एक बेडं आहे, आडवे बांबू सरकवून उघडायची वाट. ते आयुष्यात कधी बंद असलेलं मी पाहिलं नव्हतं. श्रावणातल्या एका रविवारी आले तर बांबू लावलेले, आणि वर करवंदीच्या काट्या खोवलेल्या.

मी पिशवी ओटीवर ठेवते न ठेवते तोच काकूचा आवाज आला. ती गडग्यापलीकडे उभी होती, डोकीवर पदर घट्ट ओढून.

"बाय, तू शिकलेली हायस म्हणून तुला सांगते. तुझ्या आईनं माझ्या पोराच्या माडाखाली उतारा ठेवला."

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. उतारा म्हणजे हळद घातलेला पिवळा भात. कुणाला बाधा झाली असं वाटलं की तो भात त्याच्यावरून ओवाळून तिठ्यावर ठेवून येतात. तो दुसऱ्याच्या हद्दीत ठेवला तर आपल्या घरची पीडा त्याच्या घरी जाते, असा समज आहे. म्हणजे काकू जे बोलत होती ते साधंसुधं नव्हतं. ती माझ्या आईला चेटकीण म्हणत होती. त्यात आई पडली गावातली दृष्ट काढणारी. पोर रडलं, गाय दूध देईना झाली की माणसं आईकडे यायची. मीठ-मोहऱ्या ओवाळणारा हात उताराही ठेवू शकतो, हे कुणालाही पटण्यासारखं होतं. आणि त्याच आठवड्यात काकूचा मुलगा कावीळ होऊन मुंबईत दवाखान्यात पडला होता.

"पोराचे डोळे पिवळे, नखं पिवळी," काकू म्हणाली, "आणि त्याच्या माडाखाली पिवळा भात. सुतावरून स्वर्ग गाठत नाय मी. ये, बघ."

मी काट्यांतून हात घालून बांबू सरकवले, मनगट ओरबाडून घेतलं आणि तिच्यामागून गेले. माडाभोवतीच्या आळ्यात, म्हणजे खोडाभोवती खणलेल्या गोल खड्ड्यात, आम्ही नारळ सोलून निघालेली सोडणं पुरतो. ओल टिकते. त्या कुजक्या सोडणांवर पिवळ्याधमक रंगाचं काहीतरी पसरलं होतं. पहिल्या नजरेला तो भातच होता, आसट शिजलेला, हळद जास्त पडलेला. वाकून पाहिलं तर शितं नव्हती. फेस आल्यासारखं होतं, आणि कडेनं बारीक शिरा फुटलेल्या. त्यातला एक ओघळ खोडावर होता. पण ओघळ खाली येतो. हा वर चाललेला दिसत होता.

माझा स्वभाव असा की माहीत नसलेल्या गोष्टीवर मी सगळ्यांत ठासून बोलते. मी म्हटलं, "काकू, कुणीतरी पातेलं विसळलं असेल."

"पातेल्याचं पाणी माडावर चढतं काय गो?" काकू म्हणाली. "काल ते सोडणांवर होतं. आज बघ कुठं हाय."

मी फोनवर फोटो काढले आणि परत आले. मागून काकूनं ऐकवलं, की पुढल्या सोमवारी ती देवळात कौल लावणार. आमच्या गावात शंका फिटेना झाली की देवाला विचारतात. गुरव मूर्तीला फुलं चिकटवतो, आणि उजव्या अंगाचं पडलं की डाव्या, त्यावर निवाडा होतो. सगळा गाव बघायला असतो. कौल कसाही लागो, आईचं नाव त्या गर्दीत घेतलं जाणार होतं, आणि आमच्या गावात एकदा घेतलेलं नाव परत मिळत नाही.

आई पडवीत टाकळ्याची भाजी निवडत होती. मी रागानं लाल झाले होते. "ती काय बोलते आहे ते ऐकलंस?"

"ऐकलं."

"मग सांग ना तिला, मी नाही ठेवला म्हणून."

आईनं एक काडी मोडली, पानं टोपलीत टाकली. "म्हणू दे तिला."

"आई, तू ठेवलास?"

ती काही बोलली नाही. माझी आई खोटं बोलत नाही. बोलायची वेळ आली की ती गप्प बसते. त्यामुळे ती गप्प बसली की मला धडकी भरते. एसटीच्या खिडकीशी बसून परत येताना मला खरोखर वाटत होतं, की तिनं ठेवलाच असावा. काकूशी एवढं वैर कशाचं? का एका माडाच्या नारळांवरून एवढं? मला ओरडावंसं वाटत होतं, आणि शेजारी मासळीची टोपली घेऊन एक बाई झोपली होती, म्हणून ओरडता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी ते फोटो माझ्या एका मैत्रिणीला पाठवले. ती कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवते. दुपारी तिचा फोन आला आणि ती आधी मनसोक्त हसली. मग म्हणाली, "कुठं मिळालं तुला हे? किती सुंदर आहे."

मी म्हटलं, "सौंदर्य राहू दे. हा भात आहे का सांग."

भात नव्हता. पुस्तकात त्याला श्लेष्मबुरशी म्हणतात, पण ती बुरशीसुद्धा नव्हे, असं तिनं सांगितलं. ती झाड नाही, जनावर नाही. तो एक जीव आहे, सगळा मिळून एकच, आणि तो सरकतो. कुजक्या पाल्यावरचे, लाकडावरचे जिवाणू खात खात पुढं जातो. गरम आणि ओलसर रानांत माडा-पोफळींवर, वाळून लोंबणाऱ्या झावळ्यांवर त्याच्या कितीतरी जाती राहतात, बऱ्याचशा इतक्या बारीक की भिंगाशिवाय दिसत नाहीत. त्यातली ही एक मोठी आणि भडक. माडाला तिचा काही त्रास नाही. खाऊन झालं की ती वाळते, वर कवच येतं, आणि आत नुसती काळपट भुकटी उरते. तीच तिची बीजं म्हणायची. तुमच्या वाडीत ती पिढ्यान्‌पिढ्या असणार, असंही मैत्रीण म्हणाली. आम्ही सगळे वर नारळांकडे बघत होतो, म्हणून ती दिसली नाही, एवढंच.

मी इतकी खूश झाले की शाळेत अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि मंगळवारीच गाव गाठलं. आता काकूचं तोंड कसं बंद होतं ते बघायचं होतं. मनातल्या मनात मी भाषणसुद्धा बसवलं होतं.

काकू बेड्याशीच भेटली. तिचा चेहरा उतरला होता. "ये, बघ आता. भस्म झालं."

खरंच, पिवळं सगळं गेलं होतं. खोडावर हातभर उंचीवर एक मळकट खपली होती. काकूनं काडीनं ती फोडली आणि आतून काजळीसारखी भुकटी उडाली. ती दोन पावलं मागं सरली.

मी भाषण सुरू केलं. हा एक जीव आहे, ह्याला कुणी ठेवलेलं नाही, हा आपला आपण येतो, आपला आपण सरकतो. काकूनं सगळं नीट ऐकून घेतलं.

"डोळे हायत त्याला?"

"नाही."

"तोंड? पाय?"

"नाही, पण तरी ते चालतं. तेच तर मी सांगते आहे."

"डोळे नाय, तोंड नाय, पाय नाय, तरी माझ्या पोराच्या माडावर चढतंय, आणि काम झालं की राख होऊन जातंय," काकू म्हणाली. "मग मी तरी दुसरं काय सांगत होते?"

करायला गेले गणपती आणि झाला मारुती. काकूला एवढा वेळ थोडीफार शंका होती, ती मी विज्ञानानं घालवली होती. आता कौल लावणारच, असं म्हणून ती घरात गेली. मी तिथंच माडाखाली उभी राहून स्वतःला दोन शिव्या दिल्या.

हे सगळं आईनं ऐकलं होतं. ती आमच्या बाजूनं गडग्याशी उभी होती, हातात वाळत घालायचा पंचा. तिनं मला जवळ बोलावलं.

"ते कुणी ठेवलेलं नव्हतं?"

"नाही."

"माणसाच्या हातचं नव्हे?"

"नाही ग आई. मी आत्ता तेच..."

"भात नव्हता? नक्की?"

"तुझी शपथ."

तशी ती गडग्याच्या दगडावर बसली आणि पंचा तोंडावर धरून रडायला लागली. मी आईला रडताना फार वेळा पाहिलेलं नाही. आधी मला वाटलं, तिला फार लागलं असेल, काकूचं बोलणं. पण ते तसं रडणं नव्हतं. खांद्यावरचा भारा उतरवल्यावर माणूस जसा श्वास सोडतो तसं होतं ते. मी तिच्या पाठीवर हात ठेवला तर पाठ सैल पडत चालली होती.

मग तिनं सांगितलं. उन्हाळ्यापासून बाबा विसरत होते. चष्मा देव्हाऱ्यात सापडायचा. एकदा जेवायला बसल्यावर त्यांनी काकांना हाक मारायला सांगितलं होतं, काकांना जाऊन इतकी वर्षं झाली तरी. हे तिनं मला सांगितलं नव्हतं, डॉक्टरांना सांगितलं नव्हतं, कुणालाच नाही. आणि मग एका दुपारी तिनं पाहिलं, की बाबा भाताचा द्रोण घेऊन गडग्याकडे चालले आहेत. तिनं हाक मारली तर त्यांनी द्रोण पाठीमागं लपवला. त्यानंतर थोड्या दिवसांनी काकूच्या माडाखाली पिवळं निघालं.

"मला वाटलं ह्यांनीच ठेवला," आई म्हणाली. "गेलेल्या भावाला म्हणून ठेवला असेल, नाहीतर काय मनात आलं असेल, देव जाणे. मी ठेवला नाही असं सांगितलं असतं, तर पुढचा प्रश्न काय आला असता? मग कुणी ठेवला? आमच्या घरात दुसरं आहे कोण?"

मला तिचा इतका राग आला की काय सांगू. मी तिला विचारलं, तू वेडी आहेस का, हे एकटीनं उरावर घेऊन बसायचं? आणि त्या रागाच्या पोटात मला हलकंही वाटत होतं. माझ्या आईनं कुणाचं वाईट चिंतलं नव्हतं. दोन दिवस मी तिच्याविषयी काय काय मनात आणलं होतं, ते सगळं एका क्षणात गळून पडलं. आता उरला होता तो द्रोण.

बाबा निवृत्त प्राथमिक शिक्षक. त्यांना सरळ विचारलं तर ते सरळ उत्तर देत नाहीत. ताकाला जाऊन भांडं लपवायचं, हा त्यांचा जन्माचा स्वभाव. म्हणून आम्ही विचारलं नाही. जेवायला वाढलं. आई कढी वाढायला वळली तशी बाबांनी पानातला भात हळूच द्रोणात सरकवला, हे मी डोळ्यांनी पाहिलं. हात धुऊन ते मागच्या दारानं बाहेर पडले. चाल ठणठणीत होती, आणि वाट माहीत असलेल्या माणसाची होती. मी मागून गेले, आणि माझ्यामागून आई.

गडग्याला लागून आमच्या बाजूला जुन्या झावळ्यांचा ढीग आहे. बाबा तिथं वाकले आणि त्यांनी जिभेनं च्यक् च्यक् केलं. झावळ्यांखालून एक हाडकुळी कुत्री बाहेर आली. तिच्यामागे धडपडत पिल्लं.

"बाबा."

ते दचकले. मला पाहून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. "आईला सांगू नको हं. तिला कुत्री चालत नाहीत. पावसात कुठं जाईल बिचारी?"

आई माझ्यामागंच उभी होती. तिनं जे तोंड सोडलं ते मी जन्मात विसरणार नाही. म्हणजे रोज तिच्या हातचा गरम भात कुत्रीला! म्हणजे ती इकडे काळजीनं झिजते आहे आणि हे दरोडेखोरासारखे द्रोण लपवत फिरताहेत! उद्या ती कुत्री घरात घुसेल, देवघर बाटवेल, मग कोण निस्तरणार? बाबा खाली मान घालून ऐकत होते, आणि मधूनच पिल्लांकडे बघत होते. मला हसू आवरेना. आई ओरडत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि बाबांना बिचाऱ्यांना वाटत होतं की कुत्रीवरूनच ती एवढी रडते आहे.

"एवढं काय त्यात?" ते म्हणाले. "चूक झाली. पण पिल्लं मोठी होईस्तोवर राहू दे."

दुसऱ्या दिवशी मी त्यांना रत्नागिरीला डॉक्टरांकडे नेलं. साखर तपासायची आहे असं सांगितलं. डॉक्टरांनी बराच वेळ गप्पा मारल्या, रक्त तपासलं. अहवालात कसल्याशा जीवनसत्त्वाची वानवा निघाली, त्याची इंजेक्शनं लिहून दिली. वयाचा विसराळूपणा आहे, लक्ष ठेवू, म्हणाले, पण घाबरण्यासारखं आज मला काही दिसत नाही. 'आज' हा शब्द मी ऐकला. तरी मला तो पुरला. परतीच्या वाटेवर बाबांनी पिल्लांसाठी बेकरीतून टोस्ट घ्यायला लावले.

पण काकूचा सोमवार तसाच होता. बाबांचं काय झालं ते तिला सांगायचं नाही, असं आईनं बजावलं होतं. बाबांनाही काही कळता कामा नये. म्हणजे आमच्याकडे निर्दोष असल्याचा पुरावा होता, आणि तो दाखवायचा नव्हता.

रविवारी सकाळी मी गावी पोचले तेव्हा सर येऊन गेली होती आणि ऊन पडलं होतं. काकू पाटावरच्या साकवापाशी उभी राहून हाका मारत होती. पाणी वाडीत खेळवायचा तो पाट तिच्या परड्यातून जातो, आणि त्यावर आडवा टाकलेला जुन्या माडाचा ओंडका हाच तिचा साकव. तिच्याशिवाय त्यावरून कुणी जात नाही. त्या ओंडक्यावर पिवळं उगवलं होतं, ओलं, ताजं, लखलखीत.

"माझ्या वाटेत आलं गो," ती म्हणाली. ह्यावेळी आवाजात भांडण नव्हतं, नुसती भीती होती. तिला पाहून माझा सगळा आवेश गेला. तिचा एकुलता मुलगा लांब दवाखान्यात होता आणि ती रोज संध्याकाळी फोन हातात धरून बसायची. मी तिला भाषण द्यायला आले होते आणि हे एकदाही माझ्या लक्षात आलं नव्हतं.

मी तिच्या ओटीवरून बसायचा लाकडी पाट आणला आणि साकवाशेजारी मांडून बसले. झाडूचा एक हीर मोडला आणि त्या पिवळ्याच्या कडेपासून बोटभर अंतरावर ओंडक्यात खोचला. म्हटलं, "काकू, तूही बस. आज आपण बघूच काय करतं ते."

ती बसायला तयार नव्हती. मग जरा टेकली. मग चहा करून घेऊन आली. बघत राहिलं तर काहीच होत नव्हतं. नजर वळवून मुलाच्या गोष्टी केल्या, पुन्हा पाहिलं, तर कड थोडी पुढं आलेली असायची. शिरा पसरायच्या, चाचपायच्या, जिथं लाकूड कोरडं होतं तिथून मागं फिरायच्या, ओलीकडे वळायच्या. काकूनं चष्मा पुसून घातला. मध्येच ती उठून भात लावून आली, आणि येऊन आधी हिराकडे बघायला लागली.

"आता पोचेल," ती म्हणाली.

दुपारी मुलाचा फोन आला. त्याला घरी सोडणार होते. डॉक्टरांनी खोदून विचारलं तेव्हा त्यानं कबूल केलं होतं, की उन्हाळाभर रस्त्यावरचा बर्फ घातलेला उसाचा रस पीत होतो. काकूनं त्याला फोनवरच झोडपलं. फोन ठेवून ती पुन्हा माझ्याशेजारी बसली, पदरानं डोळे पुसले आणि पुन्हा ओंडक्याकडे पाहिलं. उन्हं कलायला आली तेव्हा कुठं त्या पिवळ्याच्या कडेनं हिराला स्पर्श केला.

काकूनं वरच्यावर बोट धरून अंतर मोजलं. मग म्हणाली, "बोटभर जागा चालायला मेल्याला सगळा दिवस लागला. हे मुंबईस कधी पोचणार, आणि माझ्या पोराला कधी धरणार?"

मैत्रिणीची सगळी माहिती एका बाजूला आणि हे एक वाक्य एका बाजूला. एकदा तरी गप्प बसायचं सुचलं, ही माझ्यावर देवाची कृपा.

काकू माफी मागणाऱ्यातली नव्हे. बेड्यातल्या काट्या तिनं कधी काढल्या ते मला दिसलं नाही, पण दिवेलागणीला ती आमच्या ओटीवर आली. हातात झाकलेलं ताट. पातोळ्या केल्या होत्या, हळदीच्या पानांत उकडलेल्या, वास साऱ्या घरभर. आमच्या दोन घरांत 'चुकलं' हा शब्द कधी कुणी उच्चारला नाही. तो उकडून, तुपाबरोबर आणायचा असतो. आईनं ताट घेतलं, काकूला बसायला दिलं आणि पानं मांडली. आम्ही चौघं बसलो.

"उद्या देवळात जात नाय मी," काकू म्हणाली. "पोराला बरं वाटलं की दोघं जाऊन नारळ ठेवू." मग तिनं पातोळीचं पान उलगडता उलगडता आईकडे पाहिलं. "पण वैनी, एक इचारते. मी एवढं बोलले तुम्हांला. चारचौघांत बोलले. तुम्ही एक शब्द का नाय काढलात? 'मी नव्हे' एवढं म्हटलं असतंत, तर मला नसतं का वाटलं काही?"

आईचा हात थांबला. तिनं माझ्याकडे पाहिलं, मी पानाकडे पाहिलं. बाबा पातोळी खाण्यात दंग होते, निदान तसं वाटत होतं. आई सांगणार नाही असं मी धरून चालले होते. पण तिला खोटं बोलता येत नाही, आणि गप्प बसून ती बहुधा दमली होती.

"मला वाटलं ते ह्यांनी ठेवलं," ती म्हणाली. "भ्रमात ठेवलं असेल, असं वाटलं मला."

बाबांनी मान वर केली. "मी?"

"तुम्ही द्रोण लपवत होतात," आई त्यांना म्हणाली. आवाज आधी चिडका होता, मग तो राहिला नाही. "मला काय ठाऊक कुत्री आहे म्हणून?" मग ती काकूकडे वळली. "तू मला चेटकीण म्हणालीस. म्हण. माझ्या अंगाला ते कुठं चिकटणार आहे? चार सण गेले की गाव विसरेल. पण ह्यांना वेडा म्हटलं असतं ना कुणी, अख्ख्या गावाला बाराखडी शिकवलेल्या माणसाला, तर ते मला ऐकवलं नसतं."

काकूनं हातातलं पान खाली ठेवलं आणि पदर डोळ्यांना लावला. बाबा आईकडे वळले. मग म्हणाले, "आणि हे सगळं मनात ठेवून तू मला रोज वाढत होतीस?"

"मग काय उपाशी ठेवू?" आई म्हणाली.

बाबांनी ताटातली पातोळी घेतली, हळदीचं पान नीट सोडवलं, वर तूप घातलं आणि ती आईच्या पानात ठेवली. लग्नाला इतकी वर्षं झाली, त्यांनी तिला कधी काही वाढलेलं मी पाहिलं नव्हतं. आईनंही पाहिलं नसावं, कारण ती तशीच बसून राहिली. शेवटी बाबाच म्हणाले, "खा. गरम आहे तोवर खा."